पाणी लागलेली तुळस

जुलैत आमच्या मजल्यावरच्या काकूंची तुळस गेली. एका दिवसात नाही. आधी शेंड्यांनी मान टाकली, मग खालची पानं पिवळी पडून कुंडीच्या कडेला चिकटून बसली, आणि काकू रोज आंघोळ झाली की नेमाने तांब्याभर पाणी घालत राहिल्या. बाहेर पाऊस धो धो, ग्रिलमधून तिरकी सर थेट कुंडीत, खालच्या ताटलीत पाणी काठोकाठ, आणि तुळस मात्र उन्हाळ्यात सुकावी तशी सुकलेली. सुकलेलं दिसलं की पाणी घालायचं, हे हाताला शिकवावं लागत नाही. शेवटी सोसायटीच्या माळीदादांनी कुंडी उपडी केली, मुळांचा काळपट लगदा बोटांनी चाचपला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "पाणी लागलं हिला, काकू." त्याच संध्याकाळी काकूंच्या नातवाने माशांची टाकी धुवायला काढली. टाकीतली लांब, पातळ पानांची वनस्पती त्याने गॅलरीच्या लादीवर काढून ठेवली आणि फोनवर बोलत बसला. परत आला तेव्हा ती लादीला चिकटून वाळली होती. दोन-दोन दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, अशा दमट हवेत ती मात्र वाळली.

एक पाण्याने मेली, दुसरी पाण्यावाचून. मध्ये अंतर हातभर.

काकूंना वाईट वाटलं ते तुळशीचं, त्यातून आषाढातच गेली म्हणून जास्त. माझ्या डोक्यात मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकून बसल्या. लोकलमध्ये उभी असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तेच: ज्या पाण्यात एक झाड जन्म काढतं, त्यात दुसरं गुदमरतं कसं? गुदमरतं असं मी उगाच म्हणत नाही. चांगल्या मातीचा बराच भाग रिकामा असतो. कणाकणांमधल्या फटींत हवा असते आणि मूळ तिच्यावर जगतं. पानात तयार झालेली साखर खाली येते, ती जाळायला मुळाला ऑक्सिजन लागतो, आणि त्या बळावर ते मातीतून क्षार ओढतं, पाणी आत घेत राहतं. फटी पाण्याने भरल्या की उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून लवकरच संपवतात. नवा यायचा तर पाण्यातून सरकत यावा लागतो, आणि हवेच्या मानाने हे सरकणं सुमारे १०,००० पटींनी मंद. मुळं थकतात, पाणी ओढेनाशी होतात, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मान टाकतं. वरून बघणाऱ्याला तहानच दिसते, तो आणखी एक तांब्या घालतो.

मुंबईत हे पाण्याशिवायही साधतं. रस्त्याकडेच्या कितीतरी झाडांच्या बुंध्याला घासून सिमेंट ओतलेलं असतं, नाहीतर पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले असतात, करंगळी जाईल एवढीही माती उघडी नसते. वरून पाहिलं तर रस्ता नीटनेटका. खाली मुळांना हवा नाही. मग पावसाळ्यात एखादा वर्षावृक्ष रिक्षांवर आडवा होतो आणि वाऱ्याच्या नावाने बिल फाडलं जातं. अशा पडलेल्या झाडाचा मुळांचा घेर कधी उभं राहून बघा. एवढ्या मोठ्या छत्राखाली एवढासा तो घेर पाहून मला दर वेळी लाज वाटते, कुणाच्या वतीने ते माहीत नाही.

टाकीतली ती दुसरी, तिचं नाव व्हॅलिसनेरिया. पाण्यात असताना ताठ उभी, माशांनी धक्का दिला की डोलणारी. बाहेर काढली की ओल्या केसांची बट हातात आल्यासारखी लोंबते. कारण ताठपणा तिचा नव्हताच, तो पाण्याचा होता. तिच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात, त्या तिला वर उचलून धरतात, बाकीचा भार पाणी घेतं. मग लाकूड कशाला करायचं? मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढवणाऱ्या नळ्याही तिच्यात नावापुरत्या, कारण पाणी तर अंगाला चहूबाजूंनी लागलेलं. पानावर पर्णरंध्रं नाहीत. मेणाचा थर इतका पातळ की नसल्यातच जमा, त्यामुळे विरघळलेले वायू आणि क्षार पानाच्या कातडीतूनच आत जातात. ज्या कातडीतून सगळं सहज आत येतं तिच्यातून सगळं सहज बाहेरही जातं. लादीवर पडल्यावर तिचं पाणी अडवायला काहीच नव्हतं.

शाळेत आम्ही हायड्रिला पाहिली होती. विक्रोळीच्या आमच्या मराठी शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडक्यांना जाळ्या, आणि कायम रॉकेल व फिनेलचा मिळून एक वास. बाई चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या ठेवत, वर उपडं नरसाळं, त्याच्या देठावर पाण्याने भरलेली उपडी परीक्षानळी, आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. सोडा कशाला, हे आम्ही "कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून" असं तोंडपाठ म्हणत असू. पण हवेत फुकट मिळणारा वायू पाण्यात इतका दुर्मीळ का असावा की त्याची सोय बाहेरून करावी लागते, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. चंचुपात्र उन्हात सरकवलं की देठाच्या तुटक्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटायची, सावलीत नेलं की थांबायची. नळीत वायू साठला की धुमसती काडी आत न्यायची आणि ती भपकन पेटायची. तेवढ्यासाठी आम्ही सगळा तास शांत बसत असू. ते पान इतकं पातळ असतं की पेशींचे जेमतेम दोन थर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतले हिरवे कण पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतात. आमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून मला मुख्यतः माझ्याच पापण्या दिसल्या, ती गोष्ट वेगळी.

आता समोरच्या जुन्या इमारतीच्या कठड्यावर उगवलेला पिंपळ बघते तेव्हा त्याचा खर्च दिसतो. जमिनीवर उभं राहणं फार महाग आहे. पाणी खाली, ऊन वर, आणि मधलं सगळं अंतर स्वतः बांधून काढायचं. त्यासाठी लाकूड हवं, पेशींच्या भिंती कठीण करणारं लिग्निन हवं, पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या हव्यात. अंगभर मेणाचा लेप हवा, नाहीतर तासाभरात संपलंच. पण लेप दिला की हवा आत यायची वाट बंद, म्हणून त्यात उघडझाप करणारी रंध्रं हवीत, बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या अंगाला. आणि रंध्र उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो तसं पाणी बाहेर जातं. मुळांनी कष्टाने वर पाठवलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक असंच हवेत जातं. पिंपळाची सावली एवढी गार लागते ती त्यामुळेही. आपण ज्याला गारवा म्हणतो ती झाडाची रोजची गळती.

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांच्या वंशजांनी जमिनीवर पाय रोवले, तेव्हापासून हा सगळा सरंजाम एकेक करून जमत गेला. टाकीतली वनस्पती म्हणजे या प्रवासाला निघालीच नाही अशी मागे राहिलेली कुणी, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तसं नाही. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, कुमुद, कमळ, या सगळ्या फुलझाडांचे पूर्वज जमिनीवर रुजून, लाकूड, मेण, रंध्रं असं सगळं कमावून मग पुन्हा पाण्यात उतरले. तेही एकदाच नाही, वेगवेगळ्या कुळांतून अनेक वेळा. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते आणि तो अजून श्वासाला वर येतो, तसंच यांचं फुलांच्या बाबतीत आहे. व्हॅलिसनेरियाचं सगळं आयुष्य पाण्याखाली, पण मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं पाण्याखालीच देठापासून सुटतात, वर येऊन उमलतात आणि तरंगत तरंगत मादीफुलाला जाऊन टेकतात. परागकण शक्यतो भिजू द्यायचे नाहीत, हा जमिनीवरचा नियम पाण्यात राहूनही सुटलेला नाही. काम झालं की मादीफुलाचा देठ वेटोळं घालतो आणि फळाला खाली ओढून नेतो. नातवाच्या टाकीत हे कधी घडलं असेल तर कुणी पाहिलं नाही. आम्ही सगळे मासे बघत होतो.

दादरच्या फुलबाजारात नवरात्राच्या आधी पहाटे गेलं तर पायाखाली चिखल, झेंडूच्या पाकळ्या आणि ओल्या गोणपाटाचा वास. कमळांच्या जुड्या तिथे मिटलेल्याच येतात. विकणारी मावशी एकेक पाकळी अंगठ्याने मागे दुमडत कळीचं फूल करून दाखवते आणि देठ लांब वाटला तर मोडून देते. मोडलेल्या देठाकडे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. आत नळ्या, काही मोठ्या, काही बारीक, आणि तुटल्या जागी कोळिष्टकासारखे चिवट तंतू. कमळकाकडीच्या चकत्यांत दिसतात ती भोकंही याच व्यवस्थेतली. कमळाचा कंद तळाच्या चिखलात असतो, आणि तिथे तुळशीच्या कुंडीत झालं त्याहून वाईट परिस्थिती, कायमची. म्हणून वरच्या पानापासून खालच्या कंदापर्यंत हवेच्या वाटा. त्यातून हवा नुसती झिरपत नाही, वाहते. १९८० साली जॉन डेसी या संशोधकाने पिवळ्या पाणकमळावर हे दाखवलं: उन्हात तापलेल्या कोवळ्या पानांत हवेचा दाब किंचित वाढतो, ती हवा देठातून कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. तळ्याच्या काठावर पान हलत नसेल अशा दुपारी झाडाच्या आत वारा चालू. हे वाचलं तेव्हा मी एकटीच बसल्या जागी हसले होते.

कमळाची नातीही चमत्कारिक. दिसायला कुमुदासारखं, राहतं त्याच्याच शेजारी, पण नात्याने त्याच्यापासून फार दूर. कमळाचे जवळचे आप्त म्हणजे काश्मीरचा चिनार आणि आपला सिल्व्हर ओक. ज्या झाडाच्या नावाच्या इमारती मुंबईत चिक्कार आहेत, तो सरळसोट, कोरड्या पानांचा सिल्व्हर ओक कमळाच्या गणगोतात बसतो, हे पटायला मला वेळ लागला. पानांत, खोडात साम्य शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. जागा बदलली की अंगाची ठेवण इतकी बदलते. कुमुदाचं पान पाण्यावर टेकलेलं, म्हणून त्याची रंध्रं वरच्या बाजूला, खाली ठेवून उपयोग नाही. कमळाचं पान पाण्याच्याही वर उचललेलं, आणि त्यावर पाणी ठरत नाही. हा गुण आपल्याकडे अळवाच्या नावावर लागलाय. रेल्वेरुळांकडेला, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवावर पावसाचा थेंब पाऱ्याच्या गोळीगत घरंगळतो. क्षणभंगुरतेचा दाखला द्यायला ते पान बरं, पण पानाच्या बाजूने पाहिलं तर ती साधी निकड आहे: रंध्रांवर पाण्याचा पापुद्रा बसला की हवा यायची वाट बंद.

आई कोकणातली. तिला यातलं काही सांगायला गेले तर ती म्हणाली, "त्यात काय, नाचणी कोण खाचरात लावतं?" भात खाचरात, नाचणी वरकसावर, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उताराच्या जमिनीवर, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. भाताच्या मुळात पाणी साचलं की काही पेशी आपण होऊन मरतात आणि त्यांच्या जागी हवेच्या पोकळ्या तयार होतात. पानाने घेतलेला ऑक्सिजन त्या वाटेने खाली उतरतो. भात काही जन्माचा पाणवासी नव्हे, पण ही एक युक्ती त्याला जमते. नाचणीला तेवढी जमत नाही. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुळशीच्या कुंडीला खाली भोक होतं का. होतं, पण मातीने बुजलेलं.

पवईला मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. १८९१च्या सुमारास बांधलेला तो तलाव, आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा. सप्टेंबरमध्ये तिला फिकट जांभळी फुलं येतात, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. बसमधून जाताना लोक मोबाइल काढतात, आणि मीही काढलाय. फूल खरंच सुंदर आहे. देठाचा फुगीर भाग बोटांनी दाबला की आतल्या हवेच्या कप्प्यांचा बारीक चरचर आवाज येतो, मुळं पाण्यात लोंबकळती, पिसासारखी, तळाशी संबंध नाही. जमिनीची गरजच तिने काढून टाकली. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली, शोभेचं रोप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आली, आणि अनुकूल पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ती पसरली की खालचा उजेड जातो, उजेड गेला की हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती जातात, आणि पाण्यात ऑक्सिजन सोडणारं कुणी राहत नाही. पण गंमत अशी की आपली बिचारी हायड्रिला १९५०च्या दशकात माशांच्या टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिकडचे तलाव आणि कालवे तिने असेच गिळले. तिथे तिच्यावर वर्षानुवर्षं पैसा खर्च होतोय. खलनायिका कोण, हे तळं कुठलं त्यावर ठरतं. शिवाय जलपर्णी जगते ती तलावात येणाऱ्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. यंत्राने उपसून काठावर तिचे ढीग घातले जातात, ते कुजतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाणी पुन्हा हिरवं. सांडपाणी येतंय तोवर ती येणारच, तिला शिव्या घालून काय होणार?

लहानपणी आमच्या इमारतींच्या मागे खाडी होती, आणि खाडीत जायचं नाही हा घरचा कायदा होता. ओहोटीला सडक्या अंड्याचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. आई खिडकी लावून घ्यायची. मुलगे निवट्या आणि खेकडे पकडायला जात, गुडघ्यापर्यंत काळे होऊन येत आणि मार खात. मी त्यांच्यामागून काठापर्यंत गेलेली आहे. चिखलातून पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर उंचीची हजारो काळपट टोकं वर आलेली, पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी झाडं कापून खुंट ठेवलेत असं मला वाटायचं. ती तिवराची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाची श्वसनमुळं. ज्या वासाला आई वैतागायची तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे त्या चिखलात ऑक्सिजन नसल्याची पावती. मूळ खाली हवा शोधू शकत नाही म्हणून उलटं वर येतं. टोकांवर बारीक छिद्रं असतात. भरतीत ती बुडतात, आतला ऑक्सिजन खपत जातो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे आतला दाब उतरतो, आणि ओहोटी लागून टोकं उघडी पडली की हवा आपोआप आत ओढली जाते. मुंबईची मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. तेवढं पाणी डोक्यावरून जायचं, तेवढंच मागे सरायचं, आणि दर खेपेला झाडाचा एक श्वास.

पण तिवराचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. कमळाला निदान पाणी हवं तेवढं आहे. तिवराभोवती पाणीच पाणी आणि सगळं खारट, म्हणजे झाडाच्या हिशेबी जवळजवळ वाळवंट. म्हणून त्याचं पान जाड, तकतकीत, पाणी धरून ठेवणारं, कोरड्या माळावरच्या झाडाला शोभावं असं. हिवाळ्यात ते पान जिभेला लावून बघा, खारट लागतं. मुळातून आत आलेलं काही मीठ तो पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, आणि पाऊस नसला की त्याचे कण पानावर चमकतात. खाडीतलंच दुसरं झाड कांदळ, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, आणि त्याचं बी झाडावरच रुजून हिरव्या शेंगेच्या आकारात लोंबत राहतं. आत्तापर्यंत मी जमीन आणि पाणी असे दोन हिशेब मांडत होते, एकाला पाण्याची टंचाई, दुसऱ्याला हवेची. तिवर दोन्ही टंचाया एकदम सोसतो, म्हणून दोन्हींची सामग्री बाळगतो, लाकूडही आणि श्वासाच्या वाटाही. त्याची मुंबईकराशी तुलना करणारा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतो. मला तो आवडत नाही. मुंबईकराला निदान गावाला जाता येतं.

२००५ साली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेल्या त्या २६ जुलैनंतर काही महिन्यांतच, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात तिवरं तोडायला मनाई केली. भोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला आणि राडारोडा टाकायलाही. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला, खाडीतल्याच आणखी एका झाडाला, राज्याचा कांदळवृक्ष असा मानही मिळाला. पण तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. रात्री दोन-चार डंपर राडारोडा उपडा केला, की वर आलेली ती टोकं गाडली जातात. किंवा भरतीचं पाणी येण्याजाण्याची वाट बांध घालून अडवली, की आतलं पाणी साचून राहतं आणि टोकं उघडी पडायची थांबतात. झाड उभंच राहतं. आधी भरावाच्या बाजूची पानं पिवळी पडतात, मग सगळी.

याची दुसरी बाजूही तितकीच साधी आहे. भराव उचलला, बुजलेली वाट उपसून भरती पुन्हा आत येऊ दिली, तर पुष्कळ ठिकाणी काही लावावं लागत नाही. जवळपास झाडं असली की तिवराची बियाणं भरतीबरोबर तरंगत येतात आणि चिखलात आपली आपण रुजतात. म्हणून दर जुलैत पांढऱ्या टीशर्टातली माणसं चिखलात ओळीने रोपं खोचतानाचे फोटो आले की मी मागची जमीन बघते, पाण्याची वाट कुठे आहे ते शोधते. बहुतेक फोटोंत ती दिसत नाही. गाळ उपसतानाचा फोटो तेवढा हिरवा येत नाही, त्याला कोण काय करणार.